लाइनच्या शेपटाचा आवाज

कुणाच्याही घरी गेल्या की सुजाता मॅडम पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी भिंतीवरचा सॉकेट शोधायच्या. पर्समधून पिवळा मल्टिमीटर काढायच्या, त्याच्या लाल-काळ्या काड्या सॉकेटच्या भोकांत घालायच्या, रीडिंग बघायच्या आणि मगच खुर्चीवर टेकायच्या. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा आई पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आली, तर मॅडम टीव्हीच्या मागे वाकलेल्या. "दोनशे अठरा. बरं हाय तुमच्याकडं," असं म्हणून त्या हसल्या आणि पोहे खायला बसल्या. त्या गेल्यावर आईने मला धारेवर धरलं. तुझ्या मॅडम लाइटच्या खात्यातल्या आहेत हे आधी सांगायचं होतंस, शेजारचा तारेवर आकडा टाकतो, त्याला सावध तरी केलं असतं, असं तिचं म्हणणं.

मॅडम लाइटच्या खात्यातल्या नव्हत्या. बीडच्या एका कॉलेजात त्या आम्हाला बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू असेपर्यंत तुम्ही प्राध्यापक, घंटा झाली की तुम्ही कुणी नाही. सुट्टी लागली की नाव पुसलं जातं, आणि जून आला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, रोज स्टाफरूममध्ये समोर बसणाऱ्या माणसांपुढे उभं राहून पुन्हा सांगायचं की मी अमुक. त्या मुलाखतीत एक गृहस्थ त्यांना दरवर्षी न चुकता ऐकवायचे की कायम जागा ही शेवटी गुणवत्तेची गोष्ट असते. या गृहस्थांचा मेहुणा आमच्याच विभागात कायम होता, आणि त्याची प्रॅक्टिकलं मॅडम घ्यायच्या. ऑसिलोस्कोप कुठल्या बटणाने चालू होतो हे त्याला माहीत असावं, पण मी तरी त्याला ते बटण दाबताना पाहिलं नाही.

मॅडमचं एक वाक्य आमच्या बॅचला पाठ होतं. "बाहेर काय आलं ते मागनं बघू. आत काय घातलं ते आधी सांगा." ॲम्प्लिफायर शिकवताना त्या हे म्हणायच्या, आणि पोरांबद्दल बोलतानाही. स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं की खेड्यावरची पोरं कच्ची येतात, तर त्या विचारायच्या, त्यांच्या शाळेत सायन्सला मास्तर होता का, ते विचारलंत? समोरचा चहा ढवळायला लागायचा. याचा अर्थ त्या आम्हाला मार्क वाटायच्या असा नाही. मला त्यांनी दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला सरळ नापास केलं. मी तोंड पाडून उभा राहिलो तर म्हणाल्या, "मिलिंद, तुला लाइट हाय, पुस्तक हाय, कॉलेज चालत यायच्या अंतरावर हाय. तुला नापास करायला मला काय हरकत?"

वर्गात त्या चांगली पुस्तकी मराठी बोलायच्या. राग आला की भाषा परळीकडची व्हायची. राग त्यांना बऱ्याचदा यायचा, त्यामुळे आम्हाला दोन्ही भाषा चांगल्या परिचयाच्या होत्या.

तास संपले की त्या लॅबच्या कोपऱ्यात आपला लॅपटॉप उघडून बसायच्या. पडद्यावर एका जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचं सर्किट असायचं. खऱ्या मशीनला हात न लावता ते कसं वागेल हे आकडेमोड करून सांगणारं सॉफ्टवेअर होतं ते, फुकट मिळणारं. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचा एक गोळा. त्याच्या पोटात एक बारीक तार असते, तिला हीटर म्हणतात. ती तापून लाल झाली की आतल्या पत्र्यावरून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि माइकमधून आलेली गाण्याची एवढीशी लाट मोठी होऊन भोंग्यातून बाहेर पडते. आता हे व्हॉल्व्ह कुणी वापरत नाही. शौकीन लोक मात्र त्यांच्या आवाजाला 'उबदार' म्हणतात आणि त्यासाठी वाटेल ते करतात. मॅडमही त्यातल्याच असाव्यात असं मला वाटलं होतं. एकदा तसं बोलून गेलो, तर त्यांनी लॅपटॉपचं झाकण खाली केलं आणि मला त्यांच्या मावशीबद्दल सांगितलं.

मॅडमचं गाव परळी आणि धर्मापुरीच्या मधलं. आकाश मोकळं असलं की तिथून परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसतो. गावात वीज आली तेव्हा तिचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कुठे बसवायचा हे गावातल्या मोठ्या जमीनदाराने ठरवलं. तो त्याच्या विहिरीपाशी बसला. तिथून तार देवळाकडे गेली, मग वरच्या आळीतून फिरली, आणि सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी, सगळ्यांचे दिवे पोसून उरलीसुरली बौद्ध वस्तीत उतरली. लाइनच्या शेपटाला. धूर सगळ्या गावाला सारखा दिसायचा. वीज तशी नव्हती.

वस्तीत रंगनाथ आबांचं जलसा मंडळ होतं, समतेची गाणी गाणारं. आबा ढोलकी वाजवायचे आणि मॅडमच्या आईची थोरली बहीण कौसामावशी पुढे उभी राहून गायची. तेव्हा ती विशी-पंचविशीची होती. आबांनी कुठूनतरी एक जुनं व्हॉल्व्हचं मशीन आणि एक भोंगा मिळवला होता. मशीन इतकं चांगलं, की सप्ताहाला देवळातले लोकही ते मागून न्यायचे. मशीन आबांनी खांद्यावर घेऊन देवळापर्यंत पोहोचवायचं, पायरीपाशी ठेवायचं आणि मागे व्हायचं. मग दुसरे लोक ते उचलून आत न्यायचे. मशीन देवळात जायचं, मशीनचा मालक पायरीखाली उभा राहून ऐकायचा. यंत्राला विटाळ नव्हता.

आणि पायरीखाली उभं राहून आबांना जे ऐकू यायचं त्यानेच सगळा घात केला. देवळात कीर्तनाचे बुवा टीप लावायचे, म्हणजे अगदी वरचा सूर घ्यायचे, तेव्हा आवाज असा सरळ, काचेसारखा यायचा. तेच मशीन वस्तीत लावलं आणि कौसामावशीने टीप घेतली की आवाज फाटायचा. फडका टरकन फाडावा तसा. आबांनी माइक बदलला, वायरी बदलल्या, भोंग्याचं तोंड फिरवलं. फाटायचाच. वरच्या आळीतल्या लोकांनी निकाल देऊन टाकला की मशीन तर देवळात चांगलं वाजतं, मग दोष मशीनचा कसा?

त्याच सुमारास मंडळाने रेडिओवर गाण्यासाठी अर्ज केला. सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर भोंग्यासमोर ठेवून जलसा टेप केला, कॅसेटची एक प्रत पाठवली आणि मूळ कॅसेट आबांनी जपून ठेवली. रेडिओवाल्यांचं उत्तर आलं की मुख्य गायिकेचा आवाज वरच्या सुरांत फाटतो, त्यामुळे निवड करता येत नाही. आबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. पुढच्या जलशात त्यांनी मावशीला मागे, कोरसमध्ये उभं केलं. त्यानंतरच्या जलशाला ती गेलीच नाही.

तिने गाणं सोडलं. इतकं सोडलं, की विहारात पौर्णिमेला सगळे वंदना म्हणत तेव्हा ती नुसते ओठ हलवायची. मॅडम लहानपणी तिच्या मांडीला मांडी लावून बसायच्या. एकदा त्यांनी कान तिच्या तोंडाजवळ नेऊन पाहिला, आतून काहीच येत नव्हतं. का म्हणत नाहीस असं विचारलं, तर मावशी म्हणाली, "माजा गळा फाटका हाय, बाई. चांगल्या कामात फाटकं कावून घालायचं?"

ही बाई काही अडाणी भोळी नव्हती. रोजगार हमीच्या कामावर मुकादमाला तोंडावर खोटा म्हणणारी बाई होती. पण कागदावर लिहून आलं होतं, आणि कानांनी रोज ऐकलं होतं, आणि देवळात तेच मशीन चांगलं वाजत होतं. तिने स्वतःला दोषी ठरवलं आणि शिक्षाही स्वतःच भोगली. मॅडमना हे मान्य नव्हतं. बाहेर काय आलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. आत काय घातलं होतं ते कुणीच विचारलं नव्हतं.

ते मशीन आता आबांच्या माळ्यावर होतं, गंजून. त्यातलं तांबं कुणीतरी कधीच काढून विकलेलं, नुसता सांगाडा आणि काही व्हॉल्व्ह शिल्लक. चालू करून बघायची सोय नव्हती. म्हणून मॅडमनी त्या सांगाड्यावरून एकेक जोडणी शोधली, सर्किट काढलं आणि ते सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं. व्हॉल्व्हची तयार मॉडेलं इंटरनेटवर मिळतात, परदेशातल्या जाणकारांनी लिहिलेली. ती बसवली. आणि मॅडम पहिल्याच फेरीत हरल्या.

मशीन निर्दोष निघालं. पूर्ण व्होल्टेज दिलं, आवाज स्वच्छ. मॅडमना वाटलंच होतं, म्हणून त्यांनी व्होल्टेज कमी केलं. आणखी कमी केलं. आवाज बारीक झाला, थोडा दबला, पण कॅसेटवर फाटतो तसा फाटेना. त्या आठवड्यात मॅडम वर्गात आल्या की आम्ही गप्प बसायचो. एकदा त्या फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "रेडिओवाले बरोबर असतील तर?" ते आम्हाला विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या गावी गेल्या आणि परत आल्या त्या वेगळ्याच. मावशीला त्यांनी विचारलं होतं की त्या मशीनबद्दल तुला जे जे आठवतं ते सांग. मावशी म्हणाली, मला त्यातलं काय कळतंय. मग बोलता बोलता म्हणाली की मशीनच्या मागच्या जाळीतून त्या काचा दिसायच्या. सप्ताहात देवळाच्या ओट्यावर मशीन ठेवलेलं असायचं, वैरणीचा भारा घेऊन रस्त्याने येताना तिला त्या दिसायच्या, लालभडक. "आन् आपल्याकडं लावलं की इस्तू इझत आल्यावानी. म्या आबाला म्हनलंबी, ह्या काचा आज झोपल्यात का."

लॅबमध्ये हे सांगताना मॅडम उभ्याच होत्या. मला म्हणाल्या, ते तयार मॉडेल उघड आणि त्यात हीटर कुठे आहे ते दाखव. मी शोधलं. हीटर नव्हताच. मॉडेल लिहिणाऱ्याने तो घेतलाच नव्हता. तार पूर्ण तापलेली आहे असं धरूनच पुढचं सगळं गणित मांडलेलं होतं.

"बघितलंस?" मॅडम म्हणाल्या. "ह्यांच्या गणितात दिवा पेटलेलाच हाय. कमी पेटतो कुनाकडं तरी, हे डोक्यातच न्हाई आलं."

मॉडेल लिहिणारे लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे सॉकेटमध्ये पूर्ण व्होल्टेज असतं, रोज असतं, सगळ्यांना असतं, मग हीटर अर्धवट तापला तर काय होईल हा प्रश्न त्यांना का पडावा? पण मला राग येतो तो नेमका याचाच. ज्याला कधी कमी पडलं नाही त्याच्या समीकरणात कमी पडण्याला जागाच नसते, आणि ते समीकरण मग सगळ्या जगाला लावलं जातं. त्यात आपण बसलो नाही की आपलाच गळा फाटका ठरतो. मुलाखतीत गुणवत्तेवर प्रवचन देणाऱ्या गृहस्थांचं गणितही याच जातीचं होतं.

मॅडमनी आबांच्या सांगाड्यातले व्हॉल्व्ह काढून आणले. लॅबमध्ये त्यांचा हीटर हळूहळू कमी व्होल्टेजवर आणत गेल्या. काच लालभडक होती ती मंद लाल झाली, मग राखेखालच्या निखाऱ्यासारखी. प्रत्येक टप्प्यावर किती करंट सुटतो ते मोजलं आणि त्यावरून व्हॉल्व्हचं स्वतःचं मॉडेल लिहिलं, हीटरसकट. या कामाला त्यांना सगळा हिवाळा लागला, कारण लॅबची किल्ली मेहुण्याकडे होती आणि तो मनाला येईल तेव्हा यायचा. नवं मॉडेल चालवलं, लाइन दोनशे तीसऐवजी दीडशे व्होल्टच्या आसपास आणली, आणि पडद्यावरच्या लाटेचं डोकं कुऱ्हाडीने छाटल्यासारखं उडालं. हळू आवाजात सगळं ठीक. टीप लावली, जोर दिला, की निखाऱ्याला तेवढे इलेक्ट्रॉन पुरवणं झेपायचं नाही आणि सूर फाटायचा. कॅसेटवर फाटतो तसाच.

मी आनंदाने ओरडलो. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे गावात जाऊन ऐकवायचं. तिच्यासमोर. आन् आबासमोर."

तोवर एक नवी भानगड उभी राहिली होती. पुण्याहून एक गृहस्थ लोकगीतांच्या जुन्या कॅसेटी गोळा करत फिरत होते. एका मोठ्या संग्रहासाठी. आबांकडून त्यांनी जलशाची कॅसेट नेली, परवानगीच्या कागदावर आबांची सही घेतली, आणि ते मावशीच्या आवाजाच्या प्रेमात पडले. म्हणजे फाटण्याच्या प्रेमात. मॅडमना फोन करून ते बराच वेळ बोलले. हा चिरलेला सूर म्हणजे शतकांची वेदना आहे, असा अस्सल आवाज त्यांनी ऐकला नव्हता, त्यांना मावशीला भेटायचं होतं. मॅडम म्हणाल्या, या. आणि गावात हे सगळं ऐकवायचं ठरलं होतं त्याच रविवारी त्यांना बोलावलं.

दुपारी विहारात सगळी वस्ती जमली. पाहुण्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली, बाकी आम्ही सतरंजीवर. मॅडमनी आधी सॉकेट मोजला, मग लॅपटॉप आणि स्पीकर लावले. पाहुणे दोन शब्द बोलायला उठले आणि वीस शब्द वेदनेबद्दलच बोलले. कौसामावशी खांबाला टेकून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. आपल्या फाटक्या गळ्याचं भर सभेत कौतुक चाललंय की चेष्टा, हे तिला कळत नसावं.

मॅडम फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्यांदा देवळातल्या सप्ताहाची गावातच मिळालेली जुनी टेप ऐका, मशीन आबांचंच होतं. बुवांचा आवाज आला, सरळ, स्वच्छ. म्हाताऱ्यांनी ओळखला, माना डोलावल्या. मग मॅडम म्हणाल्या, आता हेच बुवा, हेच गाणं. फक्त मी त्यांना देवळातून उठवून आपल्या वस्तीत आणून उभं करते, लाइनच्या शेपटाला. आणि बुवांचा आवाज त्यांनी आपल्या मॉडेलमधून पाठवला.

बुवा खालच्या सुरात नीट होते. टीप आली आणि टरकन फाटली.

मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "आगं बया. बुवालाबी वेदना झाली की."

सगळी वस्ती हसली. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. पाहुणेही हसायला लागले, मग हसण्यासारखं काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. कौसामावशी हसली नाही. तिने मॅडमना पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी माजा गळा?"

"धडधाकट व्हता, मावशी," मॅडम म्हणाल्या. "मशीनला ताकत न्हवती. लाइनच मेलेली यायची."

मावशी उठेल, मॅडमना मिठी मारेल, रडेल, असं काहीतरी मी मनात रचून ठेवलं होतं. ती आबांकडे वळली. आबा भिंतीशी बसले होते, ऐंशीच्या घरातले, ढोलकीने वाकडी झालेली बोटं गुडघ्यावर.

"आबा, तुमी तर मशीनीच्या मागंच बसायचा. काचा तुमाला दिसत न्हवत्या?"

"दिसायच्या, कौसा."

"म्या सांगितलं न्हवतं, आज झोपल्यात का म्हनून?"

"सांगितलंतं. पर देवळात चांगलं वाजायचं ना. आमी खालनं ऐकायचो. आमाला वाटलं, खोट आपल्यातच हाय."

"आपल्यातच कावून वाटलं?" मावशीचा आवाज चढला. "तार त्यांनी वडली, डीपी त्यांनी बशिवला, आन् खोट आपल्यात? चाळीस वरसं म्या वंदना तोंडातल्या तोंडात गिळली, आबा. माज्या सोताच्या पोराच्या लग्नात म्या तोंड उघडलं न्हाई."

मी लहानपणापासून चळवळीची पत्रकं वाचत आलो, ती वाटत आलो. अन्याय कसा होतो हे मला तोंडपाठ होतं असं मला वाटायचं. पण अन्याय करणाऱ्याला हात उचलावा लागत नाही, एक डीपी सोयीच्या जागी बसवला की पुढचं काम आपलंच मन करतं, हे त्या दुपारी मला आबांच्या तोंडून कळलं.

मावशी मग पाहुण्यांकडे वळली. गाणं घ्यायचं तर घ्या म्हणाली, पण त्याच्याखाली लिहा की मशीनला व्होल्टेज नव्हतं आणि का नव्हतं. पाहुण्यांनी मान हलवली. तांत्रिक बाब वेगळी, पण ऐकणाऱ्याला जी वेदना जाणवते तीही खरीच ना, असं ते मॅडमना समजावू लागले.

"वेदना न्हाई, साहेब," मॅडम म्हणाल्या. "व्होल्टेज हाय ते. वेदना तिला तुमच्या आमच्या कानांनी दिली, मागनं."

पुढे त्यांचा निरोप आला. अतिशय सौजन्याने लिहिला होता. अशी तळटीप घातली तर श्रोत्यांच्या अनुभवात व्यत्यय येईल, असं त्यांच्या मंडळींचं मत पडलं. आबांची सही त्यांच्याकडे होतीच. संग्रह निघाला. मावशीच्या गाण्याखाली लिहिलंय, 'वेदनेने चिरलेला अस्सल मातीतला स्वर.' मॅडमनी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. डीपीबद्दल एक शब्द नाही. लाइनबद्दल नाही. फाटलेलं होतं ते त्यांना हवं होतं, कुणी फाडलं ते नको होतं. लोकांना आमचं दुःख नेहमीच गोड लागलेलं आहे, फक्त त्याचा पत्ता दिलेला त्यांना खपत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये मॅडम पुन्हा मुलाखतीला गेल्या आणि या वेळी यादीत त्यांचं नाव नव्हतं. कारण विचारलं तर सांगण्यात आलं की त्यांनी लॅबचा वापर खासगी कामासाठी केला. व्हॉल्व्हचं मॉडेल लिहिणं हे खासगी काम. मेहुण्याने लॅबमध्ये कूलर लावून दुपारची झोप काढणं हे बहुधा शासकीय असावं. आम्ही काही विद्यार्थी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी आमची नावं विचारली, आडनावासकट, आणि गालात हसले.

मॅडमना हैदराबादला ध्वनियंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं, ते त्याच मॉडेलच्या जोरावर. मी त्यांना सोडायला बीडच्या स्टँडवर गेलो होतो. मी रागाने काहीबाही बोलत होतो, कॉलेजबद्दल, पुण्याबद्दल. त्या रसवंतीच्या बाकड्यावर शांत बसून होत्या. म्हणाल्या, मला काम मिळालं, माझं काय रडतोस, तिथल्या पोरांना आता कोण शिकवणार त्याचं बघ. गाडी लागली तेव्हा पर्समधून मल्टिमीटर काढून माझ्या हातात ठेवला. "सेल बदलत जा. सेल उतरला की हाबी खोटं बोलतो."

गेल्या पौर्णिमेला मी त्यांच्या गावी गेलो. कौसामावशीला तिच्या गाण्याची प्रत हवी होती. विहारात वंदना सुरू झाली आणि बायकांच्या आवाजांमधून एक आवाज वर आला. जाडाभरडा, वयाने खरवडलेला, सूर धरताना दोन ठिकाणी अडखळणारा. वरच्या सुरावर तो फाटला. मान वळवून पाहिलं तर मावशी डोळे मिटून, मान ताठ ठेवून, तोंड पूर्ण उघडून म्हणत होती. शेजारच्या बाईने तिला कोपर मारलं. तिने आवाज कमी केला नाही.

नंतर चहा पिताना मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "फाटतोय, म्हायती हाय मला. आता फाटतोय त्यो माजा हाय, लेकरा. तवा फाटला त्यो माजा न्हवता."

परत येताना वाटेतूनच मी मॅडमना फोन केला. हे सगळं सांगितलं.

"विहारात किती व्हतं?" त्यांनी विचारलं.

"एकशे अठ्ठावन्न," मी म्हटलं. "वरच्या अंगाला मोटारी चालू होत्या."

"आन् डीपी?"

"तिथंच आहे."

"मंग मला फोन कावून करतोस?" मॅडम म्हणाल्या. "लिही की."